वेब सर्व्हर आणि फाइल-स्वीकृतीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७१ ते २०२३)

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा यंत्रांच्या पिढ्यांभोवती किंवा ती यंत्रे घडविणाऱ्या व्यक्तींभोवती केली जाते. दैनंदिन व्यवहारात रुळलेल्या एखाद्या लहानशा क्रियेचा इतिहास मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. 'फाइल अपलोड करणे' ही अशीच एक क्रिया होय. प्रवेश अर्जासोबत दाखला जोडणे, संशोधन नियतकालिकाकडे लेख पाठविणे, मूल्यांकनासाठी महाविद्यालयाची कागदपत्रे सादर करणे ही कामे आज याच क्रियेने होतात. बटण दाबले की फाइल पोहोचली, असा वापरणाऱ्याचा समज असतो.

सर्व्हरच्या बाजूने पाहता चित्र वेगळे दिसते. तेथे फाइल एकसंध वस्तू म्हणून येत नाही; येतो तो बाइट्सचा प्रवाह. हा प्रवाह तुकड्यातुकड्यांनी येतो, मध्येच थांबतो, कधी अर्धवट तुटतो. शिवाय तो पाठविणारा सर्व्हरला सर्वस्वी अनोळखी असतो. प्रवाह वाचणाऱ्या आज्ञावलीला म्हणून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. फाइल कोठे संपली हे कसे ओळखावे? वाचलेला मजकूर ठेवावा कोठे? आणि पाठविणाऱ्याने स्वतःविषयी व फाइलविषयी जे सांगितले, त्यातील किती खरे मानावे? प्रस्तुत निबंधात या तीन प्रश्नांच्या आधारे सुमारे पन्नास वर्षांच्या कालखंडाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) संगणक-जाळ्यावरून फाइल स्वीकारण्याच्या पद्धतींची कालानुक्रमे मांडणी करणे.
२) या पद्धती ज्या पूर्वपरंपरांतून घडल्या त्यांचा शोध घेणे.
३) फाइल-वाचनातील उणिवांचे सामाजिक परिणाम तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, 'आरएफसी' या नावाने ओळखले जाणारे इंटरनेटचे मानक-दस्तऐवज आणि प्रसिद्ध झालेल्या सुरक्षा-सूचना यांचा प्रामुख्याने आधार घेतला आहे.

१. प्रवाह आणि त्याचा शेवट

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्याची गरज वेबच्या कितीतरी आधीची आहे. अर्पानेट या अमेरिकी जाळ्यासाठी 'फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल'चा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१ रोजी आरएफसी ११४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक अभय भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असून त्या वेळी ते एमआयटी या संस्थेत कार्यरत होते. या प्रोटोकॉलचे दीर्घकाळ प्रमाण मानले गेलेले रूप ऑक्टोबर १९८५ मधील आरएफसी ९५९ मध्ये आढळते. त्यात आज्ञांसाठी एक आणि मजकुरासाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र जोडण्या असतात. प्रवाह पद्धतीने फाइल पाठविताना मजकुराची जोडणी बंद होणे हीच फाइल संपल्याची खूण मानली जाते.

ही खूण सोपी होती, परंतु तिच्यात एक संदिग्धता होती. काम पूर्ण झाल्यामुळे बंद झालेली जोडणी आणि वाटेत अडथळा आल्यामुळे बंद पडलेली जोडणी यांतील फरक केवळ त्या खुणेवरून कळत नाही. पत्राच्या शेवटी सही नसेल तर पत्र संपले की शेवटचे पान गहाळ झाले, हे वाचणाऱ्याला कळू नये, तसाच हा प्रकार होय.

दरम्यान जाळ्याच्या पायाभूत रचनेत महत्त्वाचा बदल झाला होता. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून विकसित झालेला टीसीपी हा प्रोटोकॉल सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ द्वारे निश्चित झाला. टीसीपी वापरणाऱ्या आज्ञावलीस बाइट्सचा अखंड व क्रमवार प्रवाह मिळतो. हरवलेले तुकडे पुन्हा मागविणे, त्यांचा क्रम लावणे ही कामे टीसीपी परस्पर करतो. मात्र प्रवाहात कोणतीही आखणी तो जपत नाही. पाठविणाऱ्याने एका वेळी लिहिलेले दहा हजार बाइट्स वाचणाऱ्याला एकदम मिळतील, सात तुकड्यांत मिळतील की आणखी कसे, याविषयी तो कोणतेही आश्वासन देत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातून १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीने 'सॉकेट' ही संकल्पना रूढ केली. सॉकेटमधून वाचताना जितके बाइट्स मागितले तितके मिळतीलच असे नाही. जितके मिळाले त्यांची संख्या तेवढी परत सांगितली जाते. त्यामुळे हवे तेवढे बाइट्स हाती येईपर्यंत पुन्हापुन्हा वाचत राहणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे कर्तव्य ठरते. एकदाच वाचून फाइल पूर्ण आली असे मानणे ही या क्षेत्रातील जुनी आणि आजही आढळणारी चूक आहे. पाठविणारा व वाचणारा एकाच यंत्रावर असताना ती बहुधा उघडकीस येत नाही, कारण तेथे लहान फाइल सहसा एकाच वाचनात हाती येते. प्रत्यक्ष जाळ्यावर मात्र फाइलचा पुढचा भाग गळून जातो.

मराठी मजकुराच्या संदर्भात ही बाब अधिक स्पष्ट होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट्स लागतात. 'मी' या एका अक्षरासाठी 'म' आणि वेलांटी मिळून सहा बाइट्स खर्ची पडतात. प्रवाहाचा तुकडा या सहापैकी कोणत्याही बाइटवर तुटू शकतो. प्रत्येक तुकड्याचे लगोलग अक्षरांत रूपांतर करणारी आज्ञावली अशा ठिकाणी अक्षराऐवजी निरर्थक चिन्हे दाखविते. इंग्रजी मजकुरात प्रत्येक अक्षर एकाच बाइटचे असल्यामुळे ही चूक तेथे झाकलेली राहते.

२. टपालव्यवस्थेचा वारसा

वेबवरून फाइल पाठविण्याची आजची पद्धत फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलमधून आलेली नाही; ती ई-मेलच्या परंपरेतून आली आहे, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय. आरंभीची ई-मेल व्यवस्था केवळ सात-बिटी इंग्रजी मजकुरासाठी घडविलेली होती. चित्र किंवा आज्ञावलीची फाइल तिच्यातून जशीच्या तशी जाऊ शकत नसे. यावर उपाय म्हणून मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये बर्कली येथे 'यूयूएनकोड' ही युक्ती तयार केली. तिच्यात तीन बाइट्सचे रूपांतर छापण्यायोग्य चार चिन्हांत केले जाई. फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगत असे, पण ती सुखरूप पोहोचत असे.

पुढे नथॅनियल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये आरएफसी १३४१ द्वारे 'माइम' हे मानक मांडले. एकाच पत्रात मजकूर, चित्र, ध्वनी असे अनेक भाग कसे ठेवावेत हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी सुचविलेले उत्तर असे : पाठविणाऱ्याने एक सीमाखूण निवडावी, ती पत्राच्या आरंभी जाहीर करावी आणि प्रत्येक भागाच्या आधी ती स्वतंत्र ओळीवर लिहावी. ही खूण कोणत्याही भागाच्या मजकुरात येता कामा नये आणि तिची लांबी ७० चिन्हांहून अधिक असू नये, असे दोन नियम त्यासोबत होते. सत्तरचा हा आकडा पुढील विवेचनात पुन्हा येणार असल्याने येथे त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

टपालासाठी ही योजना सोयीची होती. पत्र पूर्ण पोहोचल्यानंतरच ते उघडले जाई, आणि खूण शोधण्यासाठी सबंध मजकूर हाताशी असे. वेब सर्व्हरला मात्र मजकूर येत असतानाच वाचावा लागतो. टपालाची रीत प्रवाहाला लावल्यामुळे पुढील अनेक अडचणी उद्भवल्या, असे म्हणता येईल.

३. वेबवरील अर्ज आणि आरएफसी १८६७

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एचटीटीपीच्या मूळ रूपात केवळ पान मागविण्याची सोय होती. सर्व्हरकडे काही पाठविण्याची नव्हती. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या नावाने नोंदल्या गेलेल्या एचटीटीपी १.० मध्ये 'पोस्ट' ही पाठविण्याची रीत आढळते. येथे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलची जुनी खूण उपयोगी पडणार नव्हती. पाठविणाऱ्याने जोडणीच बंद केली तर सर्व्हरने उत्तर द्यावे कोणत्या मार्गाने? म्हणून पोस्ट विनंतीसोबत मजकुराची लांबी आधीच सांगणारे 'कंटेंट-लेंग्थ' हे हेडर अनिवार्य करण्यात आले. शेवट ओळखण्यासाठी आता जोडणी बंद होण्याची वाट पाहावी लागत नव्हती. बाइट्स मोजले की पुरेसे होते.

सर्व्हर व आज्ञावली यांच्यातील देवघेवीचा 'सीजीआय' हा संकेत १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात आकारास आला. त्यानुसार सर्व्हर विनंतीचा मजकूर आज्ञावलीच्या प्रमाण-आदानावर सोडत असे आणि लांबी वेगळ्या चलातून कळवीत असे. लांबीइतके बाइट्स दिल्यावर 'मजकूर संपला' अशी खूण पाठविण्याचे बंधन सर्व्हरवर नव्हते. खुणेची वाट पाहणारी आज्ञावली त्यामुळे अनंत काळ ताटकळत राहण्याचा संभव होता. आलेले मोजावे, खुणेवर विसंबू नये, हा धडा त्या काळातील प्रत्येक सीजीआय लेखकाला गिरवावा लागला.

नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतील ई. नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ प्रसिद्ध केला. वेब अर्जातील फाइल-निवडीचे बटण याच दस्तऐवजातून आले. अर्जातील माहिती पाठविण्याच्या तत्कालीन पद्धतीत सामान्य अक्षरांखेरीज प्रत्येक बाइटच्या जागी तीन चिन्हे लिहावी लागत. मोठ्या फाइलसाठी ही रीत परवडणारी नव्हती. म्हणून लेखकांनी माइमची सीमाखुणेची योजना उचलली आणि 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' हा नवा प्रकार सुचविला. हा दस्तऐवज 'प्रायोगिक' या वर्गात नोंदलेला होता. तरीही १९९६ मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरने तो स्वीकारला आणि डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये त्याला स्थान मिळाले. पुढे आरएफसी २३८८ (ऑगस्ट १९९८) व आरएफसी ७५७८ (जुलै २०१५) यांनी त्यात सुधारणा केल्या, मात्र मूळ रचना कायम राहिली.

या रचनेमुळे वाचनाचे काम दुहेरी झाले. कंटेंट-लेंग्थ हा आकडा संपूर्ण विनंतीचा असतो. त्यात सीमाखुणा, हेडर व अर्जातील इतर रकानेही मोजलेले असतात. आतील प्रत्येक फाइलची स्वतंत्र लांबी ब्राउझर सहसा सांगत नाहीत. त्यामुळे फाइल कोठे संपते हे पुढची सीमाखूण दिसल्याशिवाय कळत नाही. ही खूण दोन वाचनांच्या सांध्यावर अर्धी-अर्धी विभागलेली असू शकते. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेली आज्ञावली प्रत्येक तुकड्याच्या शेवटचे काही बाइट्स राखून ठेवते, पुढील तुकड्याशी जोडून पाहते आणि मगच ते फाइलचे की खुणेचे याचा निर्णय करते.

४. वाचलेला मजकूर ठेवावा कोठे?

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. याची तीन उत्तरे क्रमाने पुढे आलेली दिसतात : सर्व मजकूर मेमरीत घेणे, तो डिस्कवरील तात्पुरत्या फाइलमध्ये उतरविणे आणि कोठेही न साठविता येईल तसा पुढे देणे.

पर्ल भाषेतील लिंकन स्टाइन यांचे 'सीजीआय.पीएम' हे आज्ञावली-संच नव्वदच्या दशकात अत्यंत लोकप्रिय होते. ते अपलोड केलेली फाइल तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवीत असे. त्यात कमाल आकाराची मर्यादा घालण्याची सोय होती, परंतु आरंभीची नेमणूक 'अमर्याद' अशी होती. पीएचपी या भाषेनेही तात्पुरत्या फाइलचाच मार्ग निवडला. विनंती संपताच ती फाइल आपोआप पुसली जाई. मात्र पीएचपीने एका फाइलसाठी २ मेगाबाइटची मर्यादा आधीच आखून ठेवली. अनेक संकेतस्थळांवर दिसणारा 'दोन एमबीपेक्षा मोठी फाइल चालणार नाही' हा दंडक पुष्कळदा कोणाच्या विचारपूर्वक निर्णयातून आलेला नसून न बदललेल्या या नेमणुकीतून आलेला असतो.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी.नेटच्या पहिल्या पिढीत (२००२) संपूर्ण विनंती मेमरीत घेतली जात असे आणि मर्यादा ४०९६ किलोबाइटची होती. २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीत ८० किलोबाइटच्या पुढील मजकूर डिस्कवर उतरविण्याची सोय आली. जावा सर्व्हलेटच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तर मल्टिपार्ट वाचण्याची अंगभूत सोयच नव्हती. आज्ञावली लेखकाच्या हाती केवळ आदान-प्रवाह दिला जाई. ही उणीव 'अपाची कॉमन्स फाइलअपलोड' (२००३) सारख्या संचांनी भरून काढली. लहान फाइल मेमरीत आणि मोठी डिस्कवर अशी विभागणी त्यात होती. सर्व्हलेट ३.० या मानकात ही सोय अधिकृतपणे यायला डिसेंबर २००९ उजाडावा लागला. म्हणजेच आरएफसी १८६७ नंतर चौदा वर्षे जावाच्या जगात ही गरज मानकाबाहेरच्या संचांवर भागविली जात होती.

तिसरे उत्तर येण्यास एक वेगळे कारण घडले. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये एकाच सर्व्हरने एका वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत हा प्रश्न मांडला. प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र प्रक्रिया राखणारा सर्व्हर हळू येणाऱ्या फाइलींपुढे हतबल होत असे, कारण बराच काळ प्रक्रिया नुसती वाट पाहत बसे. इगोर सिसोयेव यांचा २००४ मध्ये खुला झालेला एंजिनेक्स हा सर्व्हर घटनाधारित रचनेवर उभा होता. तो मंदगती ग्राहकाची फाइल स्वतः गोळा करी आणि पूर्ण झाल्यावर मागील सर्व्हरकडे एकदम सोपवी. रायन डाल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या नोड.जेएस या प्रणालीमागे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरील अपलोडची प्रगती दाखविणाऱ्या पट्टीची प्रेरणा होती, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. फाइल किती आली हे ब्राउझरला सर्व्हरकडे पुन्हापुन्हा विचारावे लागे. म्हणून येणाऱ्या प्रवाहाकडे व अशा विचारणांकडे एकाच वेळी लक्ष ठेवू शकेल अशा सर्व्हरची गरज होती. नोडमध्ये प्रवाह हीच मध्यवर्ती संकल्पना ठरली. लिहिण्याचा वेग वाचण्याच्या वेगापेक्षा कमी पडू लागला तर वाचन थोपवून धरावे, हे तत्त्वही त्यासोबत रुजले. धरणात येणारे पाणी आणि सोडले जाणारे पाणी यांचा मेळ घालण्यासारखेच हे काम होय.

५. कोणाच्या शब्दावर विश्वास?

तिसरा प्रश्न सर्वाधिक गंभीर ठरला. फाइलचे नाव, तिचा प्रकार, लांबी आणि सीमाखूण या चारही गोष्टी पाठविणारा सांगतो. नाव ही केवळ सूचना आहे, सर्व्हरने ते जसेच्या तसे वापरू नये, असा इशारा मानक-दस्तऐवजांत मिळतो. तरीही पाठविणाऱ्याने दिलेल्या नावानेच फाइल साठविण्याची रीत बराच काळ चालू राहिली.

पीएचपीमध्ये २००० साली असे उघड झाले की, बाहेरची व्यक्ती चलांची नावे चतुराईने पाठवून सर्व्हरवरीलच एखादी गोपनीय फाइल 'अपलोड झालेली' म्हणून भासवू शकते. यानंतर ४.०.३ या आवृत्तीत फाइल खरोखर अपलोड झाली आहे का, हे तपासणारी आज्ञा आली. फेब्रुवारी २००२ मध्ये पीएचपीच्या मल्टिपार्ट वाचनाच्या भागातच अनेक दोष आढळले व ४.१.२ ही आवृत्ती काढावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये नव्याने लिहिलेल्या भागातही दोष निघाल्याने ४.२.२ काढावी लागली. दुरुस्तीतून नवा दोष जन्मास येतो, ही गोष्ट येथे ठळकपणे दिसते.

लांबीविषयीचा विश्वासही निर्धोक नव्हता. एचटीटीपी १.१ ने जानेवारी १९९७ मध्ये लांबी आधी न सांगता मजकूर तुकड्यांनी पाठविण्याची सोय केली. प्रत्येक तुकड्याआधी त्याचा आकार लिहिला जाई आणि शून्य आकाराचा तुकडा शेवट दर्शवी. आता शेवट ओळखण्याच्या दोन रीती एकत्र नांदू लागल्या. एकाच विनंतीत दोन्ही दिल्यास पुढचा सर्व्हर एक रीत मानतो व मागचा दुसरी, आणि या मतभेदाच्या फटीतून भलतीच विनंती आत शिरते, असे २००५ मध्ये वॉचफायर या कंपनीच्या अभ्यासकांनी दाखविले. दुसरीकडे, मोठी लांबी जाहीर करून एकेक बाइट सावकाश पाठवीत राहिल्यास सर्व्हरच्या जोडण्या अडकून पडतात, हे २०१० मध्ये समोर आले. येथे पाठविणारा कोणताही नियम मोडत नाही. तो फक्त सर्व्हरच्या संयमाचा गैरफायदा घेतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कॉमन्स फाइलअपलोडमधील एक दोष प्रसिद्ध झाला. सीमाखूण चार हजारांहून अधिक चिन्हांची दिल्यास वाचणारी आज्ञावली न संपणाऱ्या फेऱ्यात अडके. माइमने १९९२ मध्येच सत्तर चिन्हांची मर्यादा घातली होती. नियम लिहिलेला होता. तो पाळला जातो की नाही हे वाचणाऱ्याने तपासले नव्हते. याच संचात एका विनंतीतील भागांच्या संख्येवर मर्यादा नसल्याचा दोष फेब्रुवारी २०२३ मध्ये दूर करण्यात आला.

या मालिकेतील सर्वांत मोठा आघात २०१७ मधील आहे. अपाची स्ट्रट्स या जावा चौकटीत मल्टिपार्ट विनंती वाचताना कंटेंट-टाइप हेडर चुकीचे आढळल्यास त्रुटी-संदेश तयार केला जाई. त्या संदेशात पाठविणाऱ्याचा मजकूर जसाच्या तसा घातला जाई आणि तो आज्ञा म्हणून चालविला जाण्याची वाट मोकळी राहिली होती. फाइल न पाठविताही, केवळ हेडरच्या बळावर परक्या सर्व्हरचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीने आपल्या एका संकेतस्थळावर ती वेळीच केली नाही. मे ते जुलै २०१७ या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची वैयक्तिक माहिती तेथून चोरीस गेली. ७ सप्टेंबर रोजी ही घटना जाहीर झाली. जुलै २०१९ मधील तडजोडीनुसार कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ज्यांची माहिती गेली त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती त्या संकेतस्थळावर स्वतः भरलेली नव्हती. ती पतव्यवहारातून कंपनीकडे जमा झालेली होती. प्रवाह वाचणाऱ्या काही ओळींतील उणिवेची किंमत अशा प्रकारे त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या नागरिकांनी मोजली.

६. मंद जोडणी आणि अपुरी राहिलेली फाइल

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, ती पाठविणाऱ्याची. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली व मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. त्यानंतरची अनेक वर्षे दूरध्वनीच्या तारेवरील मोडेम हेच मुख्य साधन होते. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या ५६ किलोबिटच्या मोडेममध्येही वापरणाऱ्याकडून जाणाऱ्या मजकुराचा कमाल वेग ३३.६ किलोबिट एवढाच होता. या वेगाने २ मेगाबाइटची फाइल जाण्यास, तार एकदाही न तुटता, आठ मिनिटांहून अधिक काळ लागतो. शेवटच्या मिनिटाला जोडणी तुटली की आरएफसी १८६७ च्या रचनेत आरंभापासून सुरुवात करावी लागते. जाळे मुळात उतरवून घेणाऱ्याच्या सोयीने आखले गेले होते; पाठविणारा त्यात दुय्यम होता.

फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलमध्ये खंडित काम जेथे थांबले तेथून पुढे चालविण्याची आज्ञा होती व मार्च २००७ मधील आरएफसी ३६५९ ने प्रवाह पद्धतीसाठी तिचे रूप निश्चित केले. वेब अर्जात अशी सोय नव्हती. ही उणीव भरण्यासाठी वेगवेगळे मार्ग निघाले. ॲमेझॉनच्या एस३ सेवेने नोव्हेंबर २०१० मध्ये मोठी फाइल कमाल १०,००० भागांत पाठविण्याची सोय केली. एखादा भाग हुकला तर तेवढाच पुन्हा पाठविता येतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'टस' या खुल्या प्रोटोकॉलमध्ये पाठविणारा आधी सर्व्हरला विचारतो की किती बाइट्स पोहोचले, आणि तेथून पुढे पाठवितो. मे २०१५ च्या एचटीटीपी/२ मध्ये मजकूर चौकटींत बांधला गेला, शेवटाची खूण चौकटीवरच आली आणि प्रत्येक प्रवाहाचा वेग आवरण्याची सोयही प्रोटोकॉलमध्येच आली. जून २०२२ मधील एचटीटीपी/३ ने हीच दिशा पुढे नेली. तरीसुद्धा अर्जातील फाइलचा मजकूर आतमध्ये आजही बहुधा मल्टिपार्ट रूपातच बांधलेला असतो.

निष्कर्ष :

१) फाइल संपल्याची खूण ही तांत्रिक सोय म्हणून आली, परंतु प्रत्येक टप्प्यावर तिने नवी संदिग्धता निर्माण केली. जोडणी बंद होणे, लांबी मोजणे, सीमाखूण शोधणे व तुकड्यांचा शेवट पाहणे या रीती एकमेकींची जागा न घेता एकमेकींवर साचत गेल्या.

२) वेबवरील फाइल-स्वीकृती ही टपालासाठी घडविलेल्या माइम रचनेचा वारसा आहे. पूर्ण हाती आलेल्या पत्रासाठीची रचना वाहत्या प्रवाहाला लावल्याने वाचणाऱ्या आज्ञावलीवरील भार वाढला.

३) आकाराच्या मर्यादा, तात्पुरत्या फाइली व मेमरीचा वापर यांविषयीचे निर्णय पुष्कळदा साधनांच्या आरंभीच्या नेमणुकीतून झाले आणि पुढे तेच धोरण म्हणून रूढ झाले.

४) २०००, २००२, २०१४, २०१७ व २०२३ मधील दोषांत एक समान सूत्र आढळते : पाठविणाऱ्याचे म्हणणे पडताळून न पाहता स्वीकारणे.

५) अशा दोषांची झळ आज्ञावली लिहिणाऱ्यापेक्षा तिच्याशी थेट संबंध नसलेल्या सामान्य नागरिकांना अधिक बसली.

समारोप :

प्रवाहातून फाइल वाचण्याचा इतिहास हा सरळ रेषेत चढत जाणाऱ्या प्रगतीचा इतिहास नाही. १९७१ मध्ये पडलेले प्रश्न नव्या रूपात २०२३ मध्येही पडलेले दिसतात. संगणकशास्त्राच्या अध्यापनात हा विषय बहुधा चार-पाच ओळींच्या नमुना आज्ञावलीने आटोपला जातो आणि विद्यार्थी ती आपल्याच यंत्रावर चालवून समाधान मानतो. त्या ओळींसोबत अर्धवट आलेला तुकडा, खोटी लांबी, अतिलांब सीमाखूण आणि देवनागरी नावाची फाइल यांचीही चाचणी घेतली गेली, तर विषयाचे खरे स्वरूप विद्यार्थ्यांपुढे येईल. इतिहास व मानव्यविद्यांच्या अभ्यासकांसाठीही हे क्षेत्र परके नाही. समोर आलेला दस्तऐवज पूर्ण आहे का, तो कोणी दिला आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे प्रश्न साधनचिकित्सा करणारा इतिहासकार पूर्वीपासून विचारत आला आहे. सर्व्हरवरील आज्ञावलीलाही तेच प्रश्न विचारावे लागतात. फरक इतकाच की तिला उत्तर क्षणार्धात द्यावे लागते.